अठ्ठ्याऐंशीचा चौकोन

१

सोमवारी सकाळी बियांची पाकिटं मोजायची, हा माझा आणि स्वेटरकाकांचा अकरा वर्षांचा शिरस्ता.

स्वेटरकाका म्हणजे आमच्या शीतखोलीचे राखणदार. बाहेर अंगाची लाही होत असली तरी त्यांच्या अंगावरचा तपकिरी स्वेटर काही उतरत नाही. दिवसातून दहा वेळा त्यांना उणे अठरा अंशांत जावं लागतं, आणि "घाल-काढ करत बसलो तर रिटायर होईपर्यंत तेवढंच काम होईल," असं त्यांचं म्हणणं. मी आपली जाडजूड कोट चढवते. दार उघडलं की आधी पांढरी वाफ पायांवर सांडते, मग यंत्राची घरघर कानात भरते, आणि मग दिसतात फळ्यांवर ओळीनं लावलेले डबे. डब्यात चंदेरी कागदाची पाकिटं. प्रत्येक पाकिटावर छापील चिठ्ठी: कुठल्या चौकोनातलं, कुठल्या तारखेचं, कोणी आणलं.

चौकोन म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या कार्यालयानं अख्ख्या मुलखाचा नकाशा एकशे चाळीस चौकोनांत कापला होता. एकेका चौकोनात एकेकानं दोन दिवस पायी हिंडायचं, दिसेल त्या वनस्पतीची नोंद करायची, पिकांचे जुने वाण आणि त्यांचे रानटी भाऊबंद शोधायचे, त्यांचं बी आणायचं. जिथं जाती जास्त तो चौकोन नकाशावर गडद हिरवा, जिथं कमी तो फिका. गडद चौकोन राखायचे, फिके सोडून द्यायचे. उद्या एखादं पीक रोगानं बसलं, तर त्याला पुन्हा उभं करणारं बी कुठं शोधायचं, हे त्या नकाशावर अवलंबून होतं.

"सत्त्याऐंशी?" मी रजिस्टर धरून विचारलं.

"बावीस."

"बरोबर. अठ्ठ्याऐंशी?"

"सात."

"सहा असतील."

काकांनी डबा पुढं केला. "ताई, माझी बोटं गारठलीत. डोळे नाही गारठलेले. सात आहेत."

मी मोजली. सात होती. एखादं शेजारच्या डब्यातून घसरून आलं असेल म्हणून चिठ्ठ्या वाचल्या. सातही चिठ्ठ्यांवर चौकोन अठ्ठ्याऐंशी, तारखा त्याच दोन, आणि आणणाऱ्याच्या जागी माझं नाव.

"रजिस्टरमध्ये चुकलं असेल माझंच," मी म्हटलं आणि सहाचे सात केले.

काकांनी मान डोलावली. मला मात्र कोटाच्या आत घाम फुटला होता. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या चौकोनातली सात पाकिटं असणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर सहा असणंही शक्य नव्हतं.

२

मी त्या चौकोनात गेलेच नव्हते.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लोक विचारतील, का नाही गेलात? तर त्याचं उत्तर मला देता येत नाही, आणि लाज त्याचीच जास्त वाटते. ताप नव्हता. पाय दुखत नव्हता. पाऊस नव्हता, वाट बंद नव्हती. बसनं आदल्या संध्याकाळी त्या गावी उतरले, स्टँडसमोरच्या लॉजवर खोली घेतली, सकाळी सहाला उठले. पिशवी भरली, पाण्याची बाटली भरली, बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि पलंगाच्या कडेला बसले.

बसले ती बसलेच. जरा वेळानं निघू, असं म्हणत राहिले. नऊ वाजले. अकरा वाजले. खाली हॉटेलात जेवून आले. दुपारी बूट घातलेलेच पलंगावर आडवी झाले आणि भिंतीवरच्या टीव्हीवर कोणाच्या तरी लग्नाची मालिका बघितली. दुसऱ्या दिवशीही तेच. वीस वर्षं डोंगर तुडवलेली बाई मी! माझ्या हाताखाली शिकलेली मुलं सांगतात की ताईंच्या मागून चालताना दम लागतो. आणि मी दोन दिवस एका खोलीत पंख्याकडं बघत पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी फॉर्म भरला. तो हुशारीनं भरला, हे आणखी वाईट. खूप जाती लिहिल्या असत्या तर कोणीतरी पडताळायला गेलं असतं. म्हणून शेजारच्या चौकोनांत सगळीकडं उगवणारं, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही असं गवत-झुडूप तेवढं लिहिलं. एकेचाळीस जाती. विशेष काही नाही. सत्त्याऐंशीतून आणलेल्या बियांतलं थोडं थोडं काढून सहा पाकिटं केली. घरी आल्यावर "दमले," म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीचा चौकोन नकाशावर फिका झाला. इतका फिका की कागदाचाच रंग वाटावा.

सहा महिन्यांनी बैठक झाली. दगडाच्या खाणीसाठी जागा द्यायची होती. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, कडक बाई. झाडाचं पान सुद्धा पुराव्याशिवाय हलू देणार नाहीत. त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "इथं द्या. अठ्ठ्याऐंशीत काही नाही. ताईंनी स्वतः दोन दिवस पायपीट करून बघितलंय."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी चहाच्या कपाकडं बघितलं.

३

सातवं पाकीट मी कोणाला न सांगता फोडलं.

बी बारीक होतं, राखाडी, वर काळे ठिपके. डाळींच्या कुळातलं, पण मी पाहिलेल्या कुठल्याही डाळीचं नव्हे. निवडून, पाखडून, वाळवून इतकं नेटकं भरलेलं की मला माझ्याच विद्यार्थिदशेची आठवण झाली. तेव्हा मी असं करत असे. हल्ली कचऱ्यासकट भरते आणि निवडायला दुसऱ्यांना देते.

मनाला मी पुष्कळ कारणं देऊन पाहिली. कोणीतरी चेष्टा करतंय. कोणाला तरी माझं पितळ कळलंय आणि ते असं मला सांगतायत. किंवा चिठ्ठी छापताना नंबर चुकला. शेवटचं कारण मला फार आवडलं. आठवडाभर ते धरून राहिले.

पुढच्या सोमवारी काकांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी, अकरा."

"काका, या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडं, एक मोठ्या मॅडमकडं. का?"

"ही जास्तीची पाकिटं आत ठेवली कोणी?"

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांची चेष्टा करतेय. "मी ठेवली. तुम्हीच तर दिलीत शुक्रवारी."

"मी?"

"खिडकीतून नाही का दिलीत? दार उघडत होतो, तर तुम्ही हातानंच नको नको केलंत. बरोबरच होतं म्हणा, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल." ते हसले. "मी म्हटलं, ताई, कुठं नांगर धरायला गेला होतात की काय?"

शीतखोलीच्या दाराशेजारी एक छोटी सरकती खिडकी आहे. त्यातून डबा जाईल एवढीच जागा. पलीकडच्या माणसाचा हात दिसतो, आणि वाकलं तर पाय. तोंड दिसत नाही.

"मी काय म्हणाले मग?"

"काही नाही. बोललाच नाहीत. हात तुमचाच होता, घड्याळ तुमचंच होतं. आता हाताला काय बोलतं करायचं?"

शुक्रवारी मी दिवसभर दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर होते. तिघांनी मला पाहिलं होतं. आणि त्या दिवशीच काय, त्या अख्ख्या महिन्यात पाऊस पडलेला नव्हता.

मी रजिस्टरमध्ये अकरा लिहिले. आकडा नीट उठला नाही म्हणून पुन्हा गिरवला.

४

घरी आमचे हे निवृत्त झाल्यापासून भाजी निवडण्यापासून वीजबिलापर्यंत सगळं बघतात, आणि त्यांची स्मरणशक्ती म्हणजे लोखंडी पेटी. आत गेलेलं बाहेर पडत नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "अहो, मागं मी त्या दोन दिवसांच्या दौऱ्यावर गेले होते, स्टँडसमोरच्या लॉजवर उतरले होते बघा, तेव्हा मी परत कशी आले होते?"

"कशी म्हणजे? बसनं."

"तसं नव्हे. कशी दिसत होते?"

ते वर्तमानपत्र खाली ठेवून हसले. "भुतासारखी. केसांत कुसळं, बाह्या फाटलेल्या. आणि पायांत काटे किती होते! तुला खिडकीशी बसवून मी सुईनं एकेक काढला. आठवत नाही? सतरा काढले. अठरावा टाचेत खोल गेलेला, तो काही निघेना. तू म्हणालीस, राहू दे, माझ्या कामाची खूण."

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तू त्या दिवशी फार बोलत होतीस," ते म्हणाले. आवाज जरा मऊ झाला होता. "किती दिवसांनी एवढं बोललीस. कुठल्याशा वेलाबद्दल सांगत होतीस. दोन्ही हातांनी त्याची पानं करून दाखवत होतीस. मला बरं वाटलं बघ. म्हटलं, आपली बायको अजून आहे आत कुठंतरी."

मला आठवत होतं ते असं: मी दार उघडून आले, इस्त्री न मोडलेल्या कपड्यांत. दमले म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

न्हाणीघरात जाऊन मी दाराला कडी घातली, दोन्ही टाचा उजेडात धरून पाहिल्या, बोटांनी दाबून पाहिल्या. गुळगुळीत. कुठंही काही नव्हतं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "काय गं, दुखतोय का अजून तो काटा?"

"दुखतोय थोडा," मी म्हटलं.

खोटं बोलायची एवढी सवय झाली होती की त्यांच्या कौतुकातली बाई मी नव्हे, हे सांगायचं सुद्धा सुचलं नाही. की सुचलं, आणि मला ती जागा सोडवली नाही? दुसरंच खरं असावं.

५

मोठ्या मॅडमनी बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर पेट्रीच्या चपट्या काचेच्या बशा मांडलेल्या होत्या. ओल्या कागदावर राखाडी बी फुटून हिरवे कोंब आले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "शंभरातलं ब्याण्णव उगवलं. मी रोगाची चाचणीही लावली. आपल्या डाळीला जी मर लागते ना, जिच्यामुळं दोन वर्षं शेतंच्या शेतं वाळली, ती या रोपाला शिवतसुद्धा नाही. तुम्हाला कल्पना आहे, तुम्ही काय आणलंय?"

मी नाही म्हणाले. ते खरं होतं.

"मला राग आलाय तुमचा." पण चेहरा रागाचा नव्हता. त्यांनी अठ्ठ्याऐंशीची फाईल पुढं सरकवली. "एवढं काम करून ठेवलंत आणि बैठकीत तोंड शिवून बसलात? मी तिथं खाण देऊन मोकळी होणार होते. महिन्यामागं सहज फाईल उघडली आणि डब्यातलं बी काढून लावलं म्हणून."

माझ्या फाईलीत एकच पान होतं. मीच लावलेलं. आता ती फाईल बोटभर जाड होती. उघडली तर पेन्सिलीनं भरलेली एकोणीस पानं. उतार कुठल्या दिशेचा, माती कशी, वेल कशाच्या आधारानं चढतो, शेंग कधी तडकते, कुठली माशी येते. दोनशे सहा जाती. मध्येच एका कोपऱ्यात लिहिलं होतं: "इथं दुपारी बसून राहावंसं वाटतं. बसले नाही." माझं एकेचाळीस जातींचं पान त्यात कुठंच नव्हतं.

आता सांगायचं, मी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे.

"मॅडम, मला एक सांगायचंय. त्या चौकोनात मी..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "मला बाकी काही ऐकायचं नाही. पुढच्या एक तारखेला खाणीची यंत्रं तिथं पोचतायत. ती थांबवायची तर मला समितीपुढं फक्त एकच गोष्ट ठामपणे मांडायचीय. ही पाकिटं तिथलीच आहेत ना? तुम्हाला नियम ठाऊक आहे. ज्या बियाच्या मुळाबद्दल शंका, ते भट्टीत जातं आणि त्या चौकोनाची नोंदही रद्द. सरळ हिशोब."

बशीतला एक कोंब माझ्याकडं वाकलेला होता. मी खरं बोलले असते तर मी सुटले असते, आणि तो चौकोन फुटून त्याची खडी झाली असती.

"तिथलीच आहेत," मी म्हणाले.

ते वाक्य खरं होतं की खोटं, हे मला आजही सांगता येत नाही.

६

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं मी गेले. एकटी. लॉजसमोरून जाताना वर बघितलं नाही. डांबरी रस्ता संपला तिथं उतरून चालायला लागले. तीन तास लागले. तेवढे तीन तास चालायचं टाळायला मी ते सगळं केलं होतं.

चौकोनात शिरल्यावर सवयीनं जाती मोजायला लागले. साठपर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. बांधाबांधावर, दगडांच्या सांदीत, काटेरी झुडपांच्या खाली तो वेल होता. राखाडी शेंगा वाळून लटकत होत्या. मी एकाही शेंगेला हात लावला नाही.

उताराच्या मध्यावर एक दगडी घर होतं. ठेंगणं, वर पत्रा. अंगणात एक साठीची बाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून निरखून बघितलं.

"तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

"कोणाच्या?"

"अहो, बी गोळा करणाऱ्या बाईंच्या. तोंडवळा तोच की. तुम्ही जरा उजळ आहात एवढंच. उन्हात हिंडत नसाल."

मला नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "बहीण."

"या, या. बूट काढा तिथंच, आत गारवा आहे." तिनं मला आत नेलं. एकच लांबट खोली, पुढं एक दार, मागं एक दार, आणि उताराकडं उघडणारी खिडकी. कोपऱ्यात एक घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती. तिच्यावर पेन्सिलीचा तुकडा. बाईनं तांब्यातून दोन पेले पाणी भरलं. एक माझ्यापुढं ठेवला. दुसरा घोंगडीशेजारी.

"त्या वरच्या अंगाला गेल्यात. येतीलच आता. सुरुवातीला आल्या तेव्हा दोन दिवस म्हणाल्या होत्या. मग येतच राहिल्या. एकदा मी म्हटलं, अहो बाई, तुम्हाला घरदार आहे की नाही?"

"मग?"

"म्हणाल्या, आहे, पण तिथं माझी बहीण असते."

पाणी माझ्या हातात होतं. प्यावं की ठेवावं, कळेना.

"मी म्हटलं, मग बहिणीला घेऊन या की एकदा. तर हसल्या. म्हणाल्या, ती निघते हो. पहाटे उठते, पिशवी भरते, बूट घालते, नाड्यासुद्धा बांधते. पण येत नाही." बाईनं पदराच्या टोकानं हात पुसले. "चेष्टेनं म्हणाल्या असतील. वाईट नाही बोलत त्या तुमच्याबद्दल. कधीच नाही."

मी खिडकीशी गेले. ऊन डोळ्यांत येत होतं. उताराच्या वरच्या टोकाला, वेलांच्या गर्दीत, एक बाई पाठमोरी वाकलेली होती. खांद्याला पिशवी, डोक्यावर कडा उसवलेली टोपी. तिनं एक शेंग तोडली, उजेडात धरून पाहिली, हाताच्या तळव्यावर फोडली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली. उभी राहताना उजवा खांदा जरा वर उचलला. माझा उचलला जातो तसा. आमचे हे त्याची नक्कल करतात.

माझी बुद्धी म्हणत होती, दुसरी कोणी असेल. आमच्याच कार्यालयातली कोणी शिकाऊ, माझ्याच सवयी उचललेली. उन्हात माणसं एकसारखी दिसतात. बुद्धी असं पुष्कळ काही म्हणत होती. मी ते ऐकत उभी होते.

तेवढ्यात बाईनं माझ्या खांद्यावरून हाक मारली. "अहो! या खाली! तुमची बहीण आलीय!"

वरची आकृती थबकली. हातातलं बी तिनं काळजीपूर्वक पिशवीत टाकलं, पिशवीचं तोंड बांधलं. तोंड वळवलं तेव्हा सूर्य बरोबर तिच्या मागं होता. टोपीखाली मला काळोखाशिवाय काही दिसलं नाही. मग तिनं टोपी काढली आणि खाली पळत यायला लागली. एका टाचेवर जरा लंगडत. दोन्ही हात पुढं. जशी खूप दिवसांनी माहेरचं माणूस दिसल्यावर एखादी येते तशी.

मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. भीतीला कोणी नावं ठेवत नाही. मला लाज वाटली. सबंध अंग जळावं अशी. ती मला जाब विचारणार नाही, हे मला कळलं होतं. ती मला मिठी मारणार होती.

दगडी पायरीवर बुटांचा आवाज आला. एक. दुसरी पायरी. श्वास लागल्याचा आवाज, अगदी दाराशी.

मी मागच्या दारानं निघाले.

"अहो, बूट तरी घाला!" बाई ओरडली. मी थांबले नाही. काट्यांतून, दगडांतून, मोज्यांवर धावत सुटले. मागं वळून बघितलं नाही. मागून कोणी आलंही नाही. बऱ्याच अंतरावर गेल्यावर एकदाच ऐकू आलं, त्या घरातून दोघी बोलत असल्यासारखं. एक आवाज त्या बाईचा होता. दुसरा शांतपणे तिची समजूत घालत होता.

घरी आल्यावर आमचे हे बाजारात गेलेले होते, तेवढं बरं. पायांतले काटे मी न्हाणीघरात बसून एकटीनं काढले. किती निघाले ते मोजलं नाही.

७

खाण दुसरीकडं गेली. समितीनं अठ्ठ्याऐंशीचा चौकोन राखीव ठरवला. आता तिथं कुंपण नाही, पण फलक आहे, आणि त्या डाळीचं बी देशोदेशींच्या चार थंड खोल्यांत जपून ठेवलंय. मर रोगाला तोंड देणारा नवा वाण त्यातून होईल, असं सगळे म्हणतात. नव्या नकाशावर तो चौकोन इतका गडद आहे की त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत.

शेवटचा कागद सहीसाठी माझ्यापुढं आला, तो साधा दाखला होता. सदर चौकोनात मी प्रत्यक्ष जाऊन सर्वेक्षण केलं आहे, एवढंच. मी सही केली. आमच्या ऑफिसातला कारकून, जाड चष्म्याचा, कामाला चोख, त्यानं कागद फाईलीतल्या एकोणीस पानांशेजारी धरला आणि नाक मुरडलं.

"ताई, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"सही. प्रत्येक पानाखाली तुमची सही आहे ना, ती बघा. कशी मोकळी, स्वच्छ. आणि ही बघा. शेवटचं अक्षर अर्ध्यातच टाकलंय. समिती परत पाठवेल कागद. घाईत केलीत काय?"

"असेल."

"दुसरा कागद देतो. निवांत करा."

त्यानं कोरा दाखला ठेवला आणि शिक्के मारायला वळला. मी फाईलीतलं पहिलं पान जवळ ओढलं. त्या सहीचं पहिलं अक्षर कुठून उचललंय, वळण कुठं घेतलंय, रेघ किती लांब नेलीय, ते बघून घेतलं. एका चिठोऱ्यावर दोनदा गिरवून पाहिलं. मग कागदावर, एकेक वळण तिच्याकडं बघून, माझी सही केली.

कारकुनानं चष्मा वर करून दोन्ही पानं पुन्हा शेजारी धरली.

"हां," तो म्हणाला. "आता झाली तुमची सही."

त्यानं तो कागद फाईलीला लावला. माझी पहिली सही असलेला कागद चुरगाळला, आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकून दिला.